ताकदीच्या गोळ्या

एक आधीच सांगून ठेवतो. शाळेत पोरांपुढं मी "आले, गेले" म्हणतो आन् घरात "आलो, गेलो" म्हणतो, कोल्हापूरच्या बायका म्हणतात तसं. आता सांगायचं हाय ते घरचं हाय, तवा घरच्या भाषेतच ऐकून घ्यायचं. मधी मला कुणी सुधारायला जायचं न्हाय. अठ्ठावीस वर्षं मीच दुसऱ्यांची पोरं सुधारत आलोय.

दोन हजार पाचचा फेब्रुवारी. आमच्या घरात डोकी तीन आन् तिन्ही तापलेली. मी शालन, म्युनिसिपाल्टीच्या शाळेत चौथीची बाई. आमचे मालक डॉक्टर भाऊसो, फुलेवाडीत सत्तावीस वर्षं दवाखाना चालवतात. आन् आमची एकुलती एक लेक संघप्रिया. मिरजेत एमबीबीएस झाली, अमेरिकेच्या परीक्षा दिल्या आन् डिसेंबरात तिथल्या चार दवाखान्यांत मुलाखती देऊन परत आली. आता तिला एक यादी भरायची होती. पुढचं शिकायला कुठं जायचंय ते पयलं, दुसरं, तिसरं असं लावून कॉम्प्युटरवर टाकायचं. ते दवाखाने पण त्यांच्या पसंतीची यादी लावणार. दोन्हीकडनं जुळलं की गेलं विमान. शेवटची तारीख तेवीस फेब्रुवारी, बुधवार.

भांडण होतं पयल्या नंबरावरनं. एक जागा तीन वर्षांची होती, फॅमिली डॉक्टरकीची. सर्दी, खोकला, साखर, बाळंतपण, म्हणजे आमचे डॉक्टर करतात तेच, पण अमेरिकेचा शिक्का मारून. दुसरी जागा पाच वर्षांची. तिथं हे सगळं शिकवणार आन् त्याच्याबरोबर मानसोपचार पण शिकवणार. बाहेर पडताना दोन्हीचा डॉक्टर.

"पाच वर्षं?" डॉक्टर ताटावरच ओरडायचे. "आन् कशासाठी? येड्यांच्या मागं पळायला? एक ना धड भाराभर चिंध्या! तीन वर्षांत शिक, ये, आपला दवाखाना माडीवर चढवू."

"पप्पा, तुमच्याकडं रोज शंभर पेशंट येतात," संघू म्हणायची. "त्यातल्या तीस जणांना ना ताप असतो ना जंतू. छातीत धडधडतं, अंगात कळा येतात, झोप नाही. त्यांना तुम्ही काय देता?"

"सलाईन देतो. बरी होत्यात की."

"बरी होत नाहीत. महिन्यानं परत येतात."

"आलीस मोठी शाणी! माझ्या दवाखान्यावर शिकलीस आन् माझ्याच दवाखान्याला नावं ठेवायलीस?"

रोज हेच. आमटी ताटात गार व्हायची. मी डॉक्टरच्या बाजूची होतो, लपवत न्हाय. आमच्याकडं कुणाचं डोकं बिघडलं की लोक म्हणतात, धाडा त्याला रत्नागिरीला, आन् हसतात. त्या हसण्यात माझी पोरगी बसायला निघाली होती. एका रात्री मी पण तोंड सोडलं.

"स्थळं बघायची हायत तुझी. काय सांगू लोकांना? आमची पोरगी येड्यांची डॉक्टर हाय म्हणून सांगू?"

संघूनं घास खाली ठेवला आन् माझ्याकडं बघितलं. "आई, निदान तू तरी असं बोलू नकोस."

"का? मी का न्हाय बोलायचं?"

ती ताटावरनं उठली. डॉक्टर एकदम गप्प झाले आन् आमटीत बघायला लागले. तो माणूस भांडणात कधी गप्प बसत न्हाय. "तू तरी" म्हणजे काय? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी ठरवलं, हिच्या मनात काय हाय ते शोधून काढायचं आन् मग हिला चांगलं फैलावर घ्यायचं.

अर्जाबरोबर तिनं एक निबंध दिलता, "मला हे का शिकायचं हाय" असा. अमेरिकेत पण निबंध लिहून घेतात, हे मला बरं वाटलेलं. दुपारी शाळा सुटल्यावर तिची फाईल उघडली. चोरी म्हणा खुशाल. दुसऱ्याची वही उघडून वाचायचा मला पगार मिळतो.

निबंध इंग्रजीत. माझं इंग्रजी म्हणजे चौथीला शिकवण्यापुरतं. डिक्शनरी घेतली, पेन्सिल घेतली आन् एकेका शब्दावर अर्थ लिहीत बसलो. तीन दुपारी गेल्या. पयलंच वाक्य असं होतं : मी अकरा वर्षांची असताना माझी आई चाळीस दिवस बोलली नाही.

मला पयला राग आला तो मोजणीचा. चाळीस? हिनं मोजले व्हय? एक्याण्णव सालची गोष्ट. माझं दुसरं बाळंतपण झालं आन् बाळ राहिलं न्हाय. मुलगा होता. त्यानंतर मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो हे मला आठवतंय. कोण येऊन गेलं, कोण काय बोललं, ते न्हाय आठवत. बोललो न्हाय, खरंच. बोलायचं काय होतं? मग डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी झालंय, ताकदीच्या गोळ्या सुरू करू. रोज रात्री जेवणानंतर एक. महिन्यात मी उठलो, दोन महिन्यांत शाळेत गेलो. तेव्हापासनं चौदा वर्षं एक रात्र चुकली न्हाय. तपकिरी बाटली, वर बी-कॉम्प्लेक्सचं लेबल, स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्याशेजारी. संपायच्या आधी डॉक्टर स्वतः भरून आणायचे. ते न्हाय विसरले कधी. माझ्या वाढदिवसाला माणूस विसरायचा, पण बाटली न्हाय. मला वाटायचं, मायाच की ही, दाखवायची रीत वेगळी.

निबंधात पुढं लिवलं होतं : माझे वडील डॉक्टर आहेत. त्यांनी आईला नैराश्याचं औषध सुरू केलं आणि ते व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवलं. ती आजही ते घेते. इंटर्न असताना मानसोपचार विभागात मी ती विटकरी गोळी बघितली आणि ओळखली.

डिक्शनरी मिटली. एकही शब्द अवघड न्हवता.

गोळीचं नाव पण दिलं होतं. कपाटात डॉक्टरचं औषधांचं जाडजूड पुस्तक होतं, ते काढलं आन् नाव शोधलं. खाली बारीक अक्षरात काय काय होतं ते लिहिलेलं. तोंड कोरडं पडणं. चौदा वर्षं मी वर्गात पाण्याचा तांब्या घेऊन फिरतोय. पाढे म्हणून घेताना जीभ टाळ्याला चिकटायची आन् बाकीच्या बाया म्हणायच्या, शालनबाई, तुमच्या पोटात विहीर हाय काय? पोट साफ न होणं. ते पण. मी डॉक्टरला दहा वेळा सांगितलं असंल आन् डॉक्टर म्हणायचे, पालेभाजी खा.

त्याच्या खाली एक ओळ होती. उभं राहताना चक्कर. म्हाताऱ्या माणसांनी जपून, पडण्याची भीती.

तिथं मला चिमणाबाई आठवली. चिमणाबाई आमच्या शाळेत पाणी भरायची. अठ्ठ्याण्णव साली तिचा पोरगा उसाच्या ट्रॉलीखाली गेला. पंधरा दिवसांनी ती कामावर आली तर चालताना हात भिंतीला. मी म्हटलं, बाई, ताकदच राहिली न्हाय तुमच्यात. पदराच्या गाठीत बांधून आणलेल्या सहा गोळ्या मी माझ्या हातानं तिला दिल्या, सकाळी दोन आन् रात्री एक घ्या म्हणून सांगितलं. ताकदीच्या गोळ्या, त्यानं काय वाईट हुतंय? तिसऱ्या दिवशी सकाळी ती नळापाशी उठली आन् उभीच्या उभी आडवी झाली. खुबा मोडला. साठीची बाई. डॉक्टरांनीच तिची सगळी धावपळ केली, ऑपरेशनला घेऊन गेले, फुकट औषधं दिली. आन् घरी येऊन माझ्यावर असे ओरडले असे ओरडले की शेजारी खिडकीत आले. "माझ्या घरातली गोळी कुणाला द्यायची न्हाय! समजलं?" मी म्हटलं, केवढा हा चिक्कूपणा, सहा गोळ्यांसाठी! "आन् ती पडली ती?" मी विचारलं तर म्हणाले, वय झालंय तिचं. चिमणाबाई त्या दिवसापासनं काठी टेकून चालते आन् दिसली की मला हात जोडते. डॉक्टरांनी वाचवलं म्हणते.

मी पाडली तिला. मला ठावं नसताना मी तिला पाडली, आन् ज्याला ठावं होतं तो आमटी भुरकत बसला.

संघू बाहेरनं आली तशी तिला स्वयंपाकघरात उभी केली आन् माझ्या फाटक्या इंग्रजीत तिचाच निबंध मोठ्यानं वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला तिच्या हातातली पिशवी खाली आली.

"आई, मी सांगणार होते."

"कवा? मी मेल्यावर, माझ्या पुण्यानुमोदनाला?"

"पप्पांनी शपथ घातली होती. आणि तू बरी होतीस. म्हटलं, कशाला..."

"दोन वर्षं, संघू! दोन वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस आन् मी ती गोळी गिळताना बघितलंस. बापाला निदान अक्कल न्हवती म्हणू. तू तर ह्याचंच शिक्षण घ्यायला निघालीस!"

ती रडायला लागली. मी जवळ घेतलं न्हाय. मग हळूहळू तिनं खरं काय ते सांगितलं. पाच वर्षांच्या जागेसाठी मुलाखत घेणारी एक म्हातारी डॉक्टरीण होती. तिला निबंध फार आवडला. सगळ्या दवाखान्यात संघूला लोक ओळखायला लागले, आईची गोष्ट लिहिणारी ती हीच म्हणून. आन् शेवटी त्या म्हातारीनं विचारलं, "तुमच्या आईला आता हे माहीत आहे?"

"आणि मी हो म्हटलं," संघू म्हणाली. "म्हटलं, आम्ही तिघं बसून बोललो. तिनं माझा हात हातात घेतला, आई. म्हणाली, असेच डॉक्टर आम्हाला हवेत. म्हणून मला यादी लावता येत नाही. पप्पांमुळं नाही. ती जागा मला खोट्यावर मिळणार आहे."

"वा! माझी गोष्ट अमेरिकेत पोचली, चार माणसं रडली, आन् फुलेवाडीत मला ठावं न्हाय!" मी म्हटलं. "उद्याच्या उद्या त्यास्नी लिही. खोटं बोललो म्हणून लिही."

"मग मला घेणार नाहीत."

"नको घेऊ देत. घरात खोटं बोलणारा एक डॉक्टर हाय की. दुसरा कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवशी राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन तिनं लिहिलं. गुरुवारी उत्तर आलं, दोन ओळींचं. कळवल्याबद्दल आभार, आणि तुमच्या आईला आमचा नमस्कार. बास. घेणार की न्हाय ते काय न्हाय. तिला शेवटी तिथं घेतलं, हे आत्ताच सांगून टाकतो. उगं तुमचा जीव टांगणीला लावत न्हाय. गोष्ट तिची न्हाईच. गोष्ट माझी हाय, ती तिनं आधी सांगून टाकली एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरला काय बोललीस? काहीच न्हाय. आठ दिवस एक शब्द न्हाय. भाकरी केली, ताट वाढलं, कपडे वाळत घातले, तोंडातनं चकार शब्द काढला न्हाय. मला बघायचं होतं, हा माणूस विचारतो का. शालन, काय झालं गं, एवढंच. चौदा वर्षांत विचारलं न्हाय ते आता तरी विचारतो का.

गोळी मात्र घेत होतो. फेकून देणार होतो, पण संघू आडवी आली. एकदम बंद केलीस तर त्रास होईल म्हणाली. ते मी ऐकलं. रागानं डोकं फिरलं तरी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी बाई मी न्हाय.

इकडं यादीवरनं डॉक्टर आन् संघूचं चाललेलंच. "पाच वर्षांचं पयलं टाकलंस तर या घरात पाऊल टाकायचं न्हाय!" इथपर्यंत गेलं. माझ्या गप्प बसण्याबद्दल कुणी अक्षर काढत न्हवतं. आन् मंगळवारी, म्हणजे यादीच्या आदल्या दिवशी, जेवण झाल्यावर डॉक्टर स्वतः बाटली घेऊन आले. माझ्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या.

"आजपासनं दोन घे. अशक्त दिसायलीस."

मी त्या दोन गोळ्यांकडं बघत राहिलो. मी गप्प बसलो, कारण मला राग आलता. माणसाला राग येतो की न्हाय? बायकोला येतो की न्हाय? या माणसानं त्या रागावर पण औषध वाढवलं! मी एक गोळी गिळली, दुसरी पदराला बांधली आन् आत जाऊन पडलो.

बुधवारी शाळेत अर्धी रजा टाकली आन् दहा वाजता दवाखान्यात गेलो. मागच्या दारानं न्हाय, पुढच्या. बाकड्यावर पंधरा-वीस माणसं. कंपाउंडर उठला, "बाई, आत जावा की." मी म्हटलं, नंबर दे. अकरावा नंबर आला. शेजारी कोण बसलेली, तर चिमणाबाई. काठी भिंतीला टेकवलेली, महिन्याचं दुखण्याचं इंजेक्शन घ्यायला आलेली. तिनं हात जोडले. मला तिच्याकडं बघवलं न्हाय.

आमच्या दवाखान्यात आत आन् बाहेर यांच्यामधी एक पडदा हाय, फुलाफुलांचा. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. लोक म्हणूनच लवकर येऊन बसतात. माझा नंबर आला. संघू सकाळची बापाच्या मदतीला बसायची, ती कोपऱ्यात कुणाचं तरी बीपी मोजत होती. मी पेशंटच्या स्टुलावर बसलो आन् बाटली टेबलावर ठेवली.

"तू?" डॉक्टर म्हणाले. "घरात काय झालं काय?"

"घरातनं न्हाय, नंबरातनं आलोय. ह्या बाटलीत काय हाय?"

"शालन, घरी बोलू."

"काय हाय म्हटलं."

"ताकदीच्या गोळ्या हायत. तुला ठावं हाय की."

"डॉक्टर, चौथीतलं पोरगं खोटं बोलताना खाली बघतंय. तुमी सरळ माझ्याकडं बघून बोलायलासा."

मग त्यांनी संघूकडं बघितलं. संघू म्हणाली, "तिला सगळं कळलंय, पप्पा." डॉक्टरांनी उठून पडदा ओढला. मी उठून पडदा उघडला. त्यांनी परत ओढायला हात घातला तसा मी तो मुठीत धरला. बाहेरची माणसं बाकड्यावर पुढं सरकली.

"लोकं ऐकायलीत!" ते दात खाऊन म्हणाले.

"ऐकू देत. चौदा वर्षं मला सोडून सगळ्यांनी ऐकलंय."

"काय करू सांग मग!" आता ते पण भडकले. "पयली पाच वर्षं पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं चढलं न्हाय या पायरीवर. कुणाच्यातला डॉक्टर हाय म्हणून विचारायचे आन् परत फिरायचे. कसाबसा जम बसवला. त्यात डॉक्टरची बायको येडी झाली, येड्याच्या डॉक्टरकडं नेली, असं कळलं असतं तर? तू गेली असतीस त्या डॉक्टरकडं? तू? 'मला येडी म्हणतासा?' म्हणून उंबऱ्यावर डोकं फोडून घेतलं असतंस. मिरजेच्या मित्राला विचारून विचारून दिलं मी औषध. दोनदा बाटलीत नुसत्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या भरून बघितल्या, दोन्ही वेळी तू परत भिंतीकडं तोंड केलंस. जगवली तुला मी!"

"जगवलासा. व्हय. मी न्हाय म्हणत न्हाय," मी म्हटलं. माझा आवाज बाहेर रस्त्यावर जात असंल. "आन् डोकं फोडून घेतलं असतं हे पण खरं. पण माझं डोकं होतं ते! फोडायचं का न्हाय ते मी ठरवलं असतं. आन् काल? काल दोन का दिलासा?"

"आठ दिवस तोंड उघडलं न्हाईस. मला वाटलं परत..."

"राग आलता मला! राग! त्याच्यावर पण गोळी?"

मी पडदा पूर्ण सारला आन् बाहेरच्या बाकड्याकडं तोंड केलं.

"चिमणाबाई, तुमी त्या वर्षी नळापाशी पडलासा, ते वयानं न्हाय. मी दिलेल्या गोळ्यांनी पडलासा. त्या ताकदीच्या न्हवत्या. डोकं ठिकाणावर ठेवायच्या होत्या. मी चौदा वर्षं खातोय. मला ठावं न्हवतं. डॉक्टरास्नी ठावं होतं आन् त्यांनी तुमास्नी सांगितलं न्हाय. तुमचा खुबा आमच्या घरानं मोडलाय. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मला वाटलं, आता ही काठी उचलंल. उचलायलाच पायजे होती. चिमणाबाईनं काठी जवळ ओढून मांडीवर आडवी ठेवली.

"त्या तांबड्या गोळ्या व्हय?" ती म्हणाली. "बाई, त्या दोन रात्री मला झोप लागलती बगा. पोरगं गेल्यापास्नं तेवढ्याच दोन रात्री. पडल्यावर दवाखान्यात मी म्हणायचो, ती गोळी द्या, ती गोळी द्या, पर कुणाला कळंना कुठली." मग डॉक्टरकडं वळून म्हणाली, "आनी हायत का त्या?"

संघूनं बीपीचा पट्टा ठेवला, बाहेर आली आन् बाकड्यावर तिच्याशेजारी बसली. "मावशी, म्हणजे सात वर्षं झोप नाही?"

"डोळा लागतोय की पहाटंला. मग ट्रॉलीचा आवाज येतोय."

"आणि डॉक्टरांना हे सांगितलं नाही? दर महिन्याला येता की इथं."

"त्यास्नी पायाचं सांगतोय. ते पायाचंच इचारत्यात."

डॉक्टर टेबलाला धरून उभे होते. सात वर्षं दर महिन्याला त्यांनी त्या बाईच्या खुब्याला इंजेक्शन दिलं होतं, आन् ते देताना ती कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडायची. संघू तिला खालच्या आवाजात आणखी काय काय विचारत राहिली, रात्रीचं, जेवणाचं, मग खुब्याचं, दुसऱ्या पायाचं, सगळं एकाच ओघात. थोड्या वेळानं ती आत येऊन म्हणाली, "पप्पा, मावशींना ती गोळी या वयात नको, दुसरं बघू. मी संध्याकाळी परत त्यांच्याकडं जाते. आणि आता यादी टाकायला निघालेय. पाच वर्षांचं पहिलं."

ती गेली. मी परत स्टुलावर बसलो.

"माझा केसपेपर कुठाय?" मी विचारलं.

"घरच्यांचा केसपेपर असतोय व्हय कुठं?"

"अख्ख्या फुलेवाडीचा हाय. माझा न्हाय. काढा."

त्यांनी खणातनं कोरा कागद काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन धरून बसले. सत्तावीस वर्षं ज्या आवाजात दुसऱ्यांना विचारत आले होते त्या आवाजात विचारलं, "काय होतंय?"

"राग येतोय."

"कुणाचा?"

"तुमचा."

पेन थांबलं. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं. मग खाली बघूनच विचारलं, "किती दिवस झाले?"

"चौदा वर्षं झाली," मी म्हटलं. "मला कळून नऊ दिवस. दोन्ही लिहा."